न कापलेली पानं

गुरुजी, आज वाचनालयाबाहेरचा फळा मी लिहिला. ग्रंथपाल आता एक मुलगी आहे, शिकलेली, चटपटीत. पण पुढच्या महिन्याचे कार्यक्रम लिहायची वेळ आली की खडू माझ्या हातात देते आणि म्हणते, आजी, अक्षर तुमचंच पाहिजे. शनिवारी सकाळी लहान मुलांना गोष्टी. रविवारी भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शन. दर गुरुवारी दुपारी महिलांचे वाचन. आणि महिन्याच्या शेवटी जतकडच्या एका मेंढपाळ बाईंच्या ओव्या. त्या बाईंना अजून कुणी विचारलेलंच नाही, हे त्या मुलीला समजलं तेव्हा तिनं गडबडीनं ओला फडका उचलला. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, आता लिहिलंय ना, मग आणू त्यांना. ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तुमच्याकडे अशीच बघत राहिले होते, ते आठवलं, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले आहे.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष. मालक फौजेत, कुठल्या तरी बर्फाच्या ठाण्यावर. घरी ऊस, दोन म्हशी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी सातवी झालेली, पण सासरी पंचांगाशिवाय छापील कागद नाही. पत्रावर फौजेचा इंग्रजी पत्ता लिहून घ्यायला मी वाचनालयात आले, कारण गावात ते काम तुम्हीच करत होता. तुम्ही पत्ता लिहिलात, पण माझं अक्षर बघून पत्र लगेच परत दिलं नाहीत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुमचा हात थरथरायचा, फळ्यावरची ओळ उतरत उतरत कोपऱ्यात जायची. तुम्ही खडू पुढे केलात आणि म्हणालात, सूनबाई, दोन ओळी लिवून दाखव. त्या दोन ओळींनी माझे सगळे गुरुवार बदलले. पत्ता लिहून घ्यायच्या निमित्तानं मी दर गुरुवारी यायला लागले. इतकी पत्रं मालकांना कशाला, असं आत्याबाई विचारायच्या, आणि मी म्हशींना वैरण टाकायला उठायचे.

तुमची कामाची रीत उलटी होती. बाकीचे लोक कार्यक्रम ठरवतात आणि मग फळ्यावर लिहितात. तुम्ही आधी लिहायला लावायचात आणि मग सायकल काढून पाहुण्यांच्या दारात जाऊन उभे राहायचात. कीर्तनकार, बैलांचे डॉक्टर, सुट्टीवर आलेला एखादा सुभेदार, सगळे असेच आले. तुमचे वडील कोरड्या मुलखात मेंढरं राखायचे. तुम्ही लिहायचात पुस्तकी, पण बोलणं शेवटपर्यंत गावाकडचंच ठेवलंत.

महिलांच्या वाचनाची कल्पना तुमची. वाचनालयाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी ती हसण्यावारी नेली. बायका एकदा येतील गंमत म्हणून, दुसऱ्यांदा कोण येतंय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ठरलं की एक गुरुवार करून बघायचा. बायका पुन्हा आल्या तर चालू ठेवायचं, नाहीतर ती खोली कॅरम खेळणाऱ्यांना द्यायची. तुम्हाला तो एक कार्यक्रम होता, गुरुजी. मला तेवढीच एक जागा होती, जिथे मी कुणाची सून नसायचे. तो गुरुवार फसला तर मीही घरीच बसणार होते, कारण आत्याबाईंना पत्त्याच्या निमित्ताचा वास लागलेला होता.

आणि एवढ्या महत्त्वाच्या कार्यक्रमाची तारीख मी कॅलेंडर न बघता लिहिली. घरी गेले तर आत्याबाई वारुळाला न्यायच्या लाह्यांचं बोलत होत्या. त्या गुरुवारी नागपंचमी. सगळी गडीमाणसं ट्रॉल्या भरून शिराळ्याला नागाच्या जत्रेला जाणार, बायका वारुळाला, मग फेर, झिम्मा. वाचनाला कोण येणार? मी तशीच परत आले आणि फळा पुसायला लागले. तुम्ही आतून बाहेर आलात. एरवी कधी आवाज न चढवणारे तुम्ही, तेव्हा मात्र चढवलात.

"पुसायचं न्हाई. लिवलंय म्हंजे बोलावलंय. बोलावून दार लावतो का आपण?"

मी तुमच्याकडे बघतच राहिले आणि मग मला रडूच आलं. तुम्ही मग पाण्याचा तांब्या दिलात आणि म्हणालात, वाचनालय वारुळाच्या वाटंवरच हाय की. पंचमीच्या आदल्या दिवशी तुम्ही नवी कादंबरी माझ्या हाती दिलीत. छापखान्यातून तशीच आलेली, बरीच पानं कडेला एकमेकांना जोडलेली, कापायची राहिलेली. तुमची लाकडी मुठीची सुरी दिलीत, सगळी पानं मोकळी करून ठेव म्हणालात आणि वारुळाच्या वाटेवरच्या घरी घरी सांगायला निघून गेलात.

नागपंचमीला दुपारी त्या आल्या. पूजेची ताटं हातात, नव्या बांगड्या, माहेरी आलेल्या लेकी. ओसरीवर ताटांची रांग लागली. आत्याबाईही आल्या, माझ्यावर नजर ठेवायला, आणि दाराशी भिंतीला टेकून बसल्या. मी वाचायला लागते. गोष्टीतल्या बाईचा नवरा लढाईवर गेलेला, सात वर्षं पत्र नाही. आधी बांगड्यांचा आवाज होतो, मग तोही थांबतो. आमच्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे ती गोष्ट परकी कुणालाच नव्हती. मग गोष्टीत दारावर थाप पडते. ती बाई उठते, कडीला हात लावते, आणि मी पान उलटते तर पुढची पानं जोडलेली.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. सांगितलेलं एक काम होत न्हाई का, असं सगळ्यांदेखत म्हणालात. विसरले, असं मी पुटपुटले. तुम्ही सुरी उचललीत, तेवढ्यात दाराशी बसलेल्या आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"आवं गुरुजी, आज पंचमी हाय. चिरायचं न्हाई, कापायचं न्हाई. नागाला लागतं."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. त्या दिवशी कुणाच्या घरी विळी निघाली नव्हती, तवा चुलीवर चढला नव्हता, मग पुस्तकावर सुरी कशी चालणार? एक धीट लेक म्हणाली, बोटानं फाडा. आत्याबाईंनी तिला गप्प केलं. तिनं मग पुस्तक डोळ्याला लावून जोडलेल्या पानांच्या पोटात डोकावून बघितलं आणि 'उंबरा' एवढा एकच शब्द वाचून दाखवला. तुम्ही सुरी खाली ठेवलीत, पुस्तक मिटलंत आणि शांतपणे सांगितलंत की पुढचं उद्या सकाळी. घरी जाताना आत्याबाई झपाझप पुढे चालल्या. जेवताना एकदम म्हणाल्या, "दार उघडलं आसंल का गं तिनं?" मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यांचा लेक आणि माझा नवरा एकच माणूस होता, आणि त्याच्याबद्दलची भीती आम्ही दोघींनी त्याआधी कधी एकमेकींना दाखवली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा त्या माझ्याजवळ सरकून बसल्या.

शुक्रवारी सकाळी कुलूप उघडायच्या आत बायका ओसरीवर बसलेल्या. आत्याबाई सगळ्यांत पुढे. धारा काढून, शेणाचे हात धुऊन तशाच आलेल्या. अध्यक्ष शिराळ्याहून परतत होते. ट्रॉली थांबवून खाली उतरले, बघितलं, आणि कॅरमचा विषय पुन्हा कधी काढला नाही. तुम्ही पानं कापलीत, मी वाचलं. दार उघडलं होतं तिनं. बाहेर कोण होतं, ते ऐकताना आत्याबाई पदर तोंडाला लावून रडल्या, आणि दुसऱ्या गुरुवारी त्यांनीच मला घाई केली. माझे मालकही पुढे सुखरूप आले, पेन्शन घेऊन, आणि म्हातारपणी माझ्याकडून गोष्टी वाचून घेत राहिले.

तुम्हाला शेवटी मुलानं सांगलीला विश्रामबागेत नेलं. मी आणि आत्याबाई एसटीनं भेटायला आलो होतो. तुम्ही खाटेवर बसून फळ्याचीच चौकशी केलीत, पुढच्या महिन्यात काय काय आहे ते माझ्याकडून म्हणवून घेतलंत. निघताना उशीखालची ती सुरी काढून माझ्या हातात दिलीत.

"ही तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. कवा वापरायची न्हाई, ते तुला कळतंय."

आत्याबाई शेजारीच होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. पुढच्या वेळी सांगेन असं ठरवलं होतं, पण पुढची वेळ आलीच नाही. तुमची बातमी आली तेव्हाही फळ्यावर तीन कार्यक्रम लिहिलेले होते, आणि ते तिन्ही आम्ही केले.

ती कादंबरी अजून आहे. तिच्या शेवटी जाहिरातींची दोन पानं कडेला जोडलेलीच राहिली आहेत, ती कुणी कापली नाहीत. हे पत्र घडी करून त्यांच्यात सरकवून ठेवणार आहे, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. उद्या जतला फोन करून त्या बाईंना विचारायचं आहे, त्या येतील असं मला वाटतं. आणि गुरुजी, मी विसरले नव्हते. आदल्या दिवशी दुपारभर सुरी माझ्या हातात होती, आणि बायका पुन्हा आल्या तरच ती खोली आपली राहणार होती. कडीला हात लागेपर्यंतची पानं मी कापली आणि तिथे थांबले, कारण दुसऱ्या दिवशी पंचमी होती.