चोरचोळी आणि टूडी इको

९ जाने.
उद्या मोठी सोनोग्राफी. विसावा आठवडा चालू. बाकी काही चुकलं तरी ही चुकवायची नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलंय. बाळाचा अवयवन् अवयव बघतात म्हणे.
आज सातवीच्या तासाला आतून बारीक टिचकी बसली. गॅस असेल म्हणून फळ्याकडे वळले, तर पुन्हा. गॅस नव्हे! खडू हातातच राहिला. पोरं बघत होती.
लोहाच्या गोळ्या चालू. झोपायचं डाव्या कुशीवर. बाळंतपण दुधनीला, आईकडे. तिने मागची खोली रंगवायला काढलीसुद्धा. चोरचोळी पुढच्या आठवड्यात, घरातल्या घरात, कुणाला न बोलावता. आत्यांनी (सासूबाईंना आत्याच म्हणते मी) हिरवा खण शिवायला टाकलाय.

१० जाने.
डॉक्टर आधी बोलत होते. डोकं छान, कणा छान, मूत्रपिंडं छान. मग गप्प झाले. एकाच जागी फिरवत राहिले. मला कूस बदलायला लावली, बाहेर चालून यायला सांगितलं, पुन्हा झोपवलं. शेवटी "बाळाच्या वडिलांना बोलवा" म्हणाले, आणि विनय आत आला.
हृदयाच्या पडद्यात छिद्र असल्याची शंका. बाळ पालथं, नीट दिसत नाही. बाळाच्या हृदयाची टूडी इको करून घ्या.
विनय म्हणाला, "आणि समजा तसं निघालं तर..."
"छोटं असेल तर नुसतं लक्ष ठेवू. मोठं असेल तर पुढचं सगळं बसून ठरवावं लागेल. म्हणून उशीर नको. आणि बाळंतपणाला माहेरी जायचं तूर्त राहू द्या."
हृदयाचे चार कप्पे मी डोळे मिटून काढते फळ्यावर. रिक्षात बसल्यावर एक आठवेना.

११ जाने.
आत्यांच्या डोक्यात भलतंच बसलंय. काल त्या बाहेर बाकावर होत्या. दार उघडलं तेव्हा डॉक्टर गप्प, मी रडवेली. म्हणजे मुलगीच!
"कायदा हाय, सांगत न्हाईत ते. पर तोंडावरनं कळतंय की," चहा देताना म्हणाल्या. "पोरगी तर पोरगी. रडतीस कशाला? मला लई हौस हाय पोरीची."
मनापासून बोलल्या. मुलगी म्हणून मी रडेन असं यांना वाटलंच कसं, म्हणून चिडले. पण खरं सांगितलं नाही. विनय म्हणतो, इको होईपर्यंत नको, आईचं बीपी वाढेल. ठीक.

१४ जाने.
संक्रांत. वाण द्यायला आलेल्या शेजारच्या काकू माझं पोट बघून "मुलगाच" म्हणाल्या. आत्या फाडकन, "पोरगी हाय. आन् आमाला पायजेच हाय."
काकू तीळगूळ घेऊन निघाल्या. मला हसू आलं, आणि मोरीत जाऊन रडले. नळ सोडून.
आज हालचाल कमी. की मीच सारखी कान लावून बसलेय.

१७ जाने.
पुण्याचे बाळांच्या हृदयाचे डॉक्टर परवा इथे येणार. नंबर लागला. आईला फोनवर म्हटलं, रंगाचं थांबव जरा. "यव्वा, का गं?" दचकून म्हणाली. शाळेचं कारण सांगितलं. एकापासून लपवलं की सगळ्यांपासून लपवावं लागतं.
आत्या म्हणतात, चोरचोळी उद्या. मी म्हटलं, पुढे ढकलू. का, ते सांगता येईना. खरं कारण लिहून टाकते : ओटी भरून घेतली आणि परवा काही भलतं कळलं, तर ती हिरवी चोळी मी कुठे ठेवू?

१८ जाने.
सांगितलं.
आत्या आपलं जुनं इरकल लुगडं फाडत बसल्या होत्या, दुपट्यांसाठी. मऊ झालेलं, अंगाला टोचणार नाही असं. मला बघवेना. सगळं सांगितलं, पडद्याचं, इकोचं, विनयने अर्धं सोडलेलं वाक्यसुद्धा.
हात थांबले. मग, "आन् मी पोरगी पोरगी करत बसले. येडीच मी."
मी म्हटलं, चोळी राहू दे ना आत्या.
"का? पोटात हाय न्हवं अजून?"
"आहे."
"मग आजच."
ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. अर्धे तांदूळ जमिनीवर सांडले. चोळी छातीला घट्ट झाली, तर तिथेच शिवण उसवून दिली. मग उरलेलं इरकल पुन्हा फाडायला घेतलं.
मला भीती वाटते. पण आज एकटीला नाही वाटली.

१९ जाने.
आत्या ऐकेनातच, बरोबर आल्या. मी तीच हिरवी चोळी घातलेली. तपासणीच्या खोलीबाहेर मोठी पाटी, इथे लिंगनिदान केले जात नाही. विनयने आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली.
आत अंधार. डॉक्टर आधी दोन शब्द बोलले, मग गप्प. मागच्या वेळच्या डॉक्टरांसारखेच. मी छताकडे बघत होते. आत टिचकी बसली, यंत्राच्या अगदी खाली.
दार लोटून आत्या आत. नर्स अडवायला धावली.
"सायब, पोरगा का पोरगी ते मी इचारत न्हाय," दारातूनच म्हणाल्या. "काळीज कसं हाय तेवढं सांगा की."
डॉक्टरांनी मान वर केली. चिडले नाहीत.
"अजून बघतोय, सांगतो. बसा आजी," म्हणाले. नर्सला स्टूल द्यायला सांगितलं. आणि पोटावर पुन्हा जेल लावलं.