भुताच्या श्वासाचं श्रेय

१ मार्च, बुधवार

सिनेमा परवा, शुक्रवारी लागतोय. दिग्दर्शकाच्या असिस्टंट बाईंनी फोनवर पक्कं सांगितलं. तुमचं नावही आहे, म्हणाल्या. कुठे विचारलं, तर म्हणे शेवटी. शेवटी म्हणजे दिवे लागल्यावर, लोक सीटखाली चपला शोधत असताना!

हिंदी भुताचा सिनेमा म्हणजे निम्मा आवाज. नायिकेने केलंय काय? किंचाळलीय. भुताचा श्वास मी घडवला. तीन महिने खपून, सात प्राण्यांचे श्वास एकावर एक चढवून. दिग्दर्शक प्रत्येक मुलाखतीत हे सात प्राणी सांगत फिरतोय. माझं नाव मात्र घेत नाही.

संकल्प: पार्ट टूमध्ये माझं नाव सुरुवातीला, स्वतंत्र पाटीवर. नाहीतर काम नाही.

२ मार्च

रोजनिशीत खोटं लिहू नये. प्राणी सात नाहीत. एकही नाही. सासरे आहेत.

सासू-सासरे आमच्याकडेच राहतात. गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी सासरे जेवून आडवे झाले, तेव्हा मी कपाटामागे माइक लावला. मग वेग निम्मा केला, थोडा घुमारा दिला. म्हणजे ते नुसता कच्चा माल. संगमरवराला कोणी श्रेय देतं का?

परवानगीचा प्रश्न येत नाही. सासरे आयुष्यभर सांगत आलेत की ते घोरत नाहीत, डोळे मिटून विचार करतात. जे नाहीच, त्याची परवानगी मागणार कशी?

३ मार्च, दुपारी ४

पहिल्या शोहून आलो.

नायिका पलंगाखाली वाकते. अंधार. माझा श्वास. ती विचारते, कौन है वहाँ? मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, सोने दो यार, थका हुआ है. अख्खं थिएटर हसलं. पुढे भूत आलं की हसले, भूत गेलं तरी हसले. लोकांना कानच उरलेले नाहीत.

४ मार्च

समीक्षक लिहितो: भूत घोरतं, मला त्याचा हेवा वाटला. चार ओळींच्या परीक्षणात एक ओळ माझ्यावर. म्हणजे दखल घ्यावी लागलीच! तरी डोकं फिरलं.

संकल्प: उत्तर द्यायचं नाही.

संध्या. ६: अकरा पानी उत्तर पाठवलं. भाषा संयमी. ‘बहिरा’ फक्त तीनदा.

६.२०: त्याचं उत्तर आलं. झोपेत लिहिलंत का, विचारतो. हलकट.

५ मार्च, रविवार

बायकोने परस्पर चार तिकिटं काढली. मी सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरचं कारण सांगून पाहिलं. ऐकतंय कोण!

श्वास सुरू होऊन दोन सेकंद झाले नाहीत तोच सासूबाई भर थिएटरात ओरडल्या, अहो, हे तर तुम्ही! सासरे ठामपणे म्हणाले, मी नाही, भूत आहे ते. सासूबाई म्हणाल्या, एकेचाळीस वर्षं ऐकतेय मी, आता शेवटी शिट्टी येईल बघा. शिट्टी आली. पडद्यावर भूत नायकाचा गळा दाबत होतं आणि पुढच्या तीन रांगा मागे वळून सासऱ्यांकडे बघत होत्या. एका निर्लज्जाने मोबाइलवर सगळं टिपलं.

परतताना बायको म्हणाली, माझ्या बापाला भूत केलंस? मी म्हटलं, प्रमुख भूमिका आहे.

६ मार्च

सासरे खोलीबाहेर येत नाहीत. बायको म्हणते, माफी माग. संकल्प: कलेसाठी माफी मागायची नाही.

दुपारी ३: मागितली. दाराबाहेरून, सविस्तर. आतून फक्त श्वास ऐकू आला. डोळे मिटून विचार करत असावेत.

९ मार्च

तो व्हिडिओ घरोघरी पोचला. सिनेमा हाउसफुल! लोक उशा घेऊन जाताहेत आणि शिट्टीत शिट्टी मिसळताहेत. मूर्खांचा बाजार.

दिग्दर्शकाचा फोन. सात प्राणी कुठले, म्हणून ओरडला. मी म्हटलं, ती संकल्पना होती. मग एकदम मऊ आवाजात, तुमचे सासरे घरी कधी असतात?

त्यांची माफी मागायची असणार. उशिरा का होईना, माझी बाजू घेतोय. पाटीचा विषय तेव्हाच काढतो.

११ मार्च

दिग्दर्शक येऊन गेला. विषय मला काढावाच लागला नाही. पार्ट टूमध्ये स्वतंत्र पाटी, सुरुवातीलाच. सासऱ्यांच्या नावाची.

सासरे म्हणाले, मी घोरत नाही, पण सिनेमाची गरजच असेल तर बघतो. सासूबाईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला. मी माझ्या नावाचं विचारलं. दिग्दर्शक म्हणाला, शेवटी आहेच की.

काम सोडण्याचं पत्र लिहून ठेवलंय. अजून दिलेलं नाही.

रेकॉर्डिंग उद्या दुपारी दोनला, आमच्याच घरी. सासऱ्यांची अट एकच: जावईबापू खोलीत नकोत, त्यांना बघितलं की झोप उडते. तेव्हा मी जिन्यात उभं राहायचंय. कोणाला बेल वाजवू द्यायची नाही.