यादी उघडेना

परदेशीपुरा, इंदूर
१६ मार्च २००४

प्रिय रामभाऊ,

दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाला हा पोस्टाने पत्र पाठवतोय, म्हणून हसशील. हस बाबा. पण मागच्या मंगळवारी युनियनच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी तुला बेइमान म्हणालो, त्यानंतर तू मला दारात उभं करशील असं वाटत नाही. आणि पाकीट तुझ्या आधी इंदुमतीवहिनी फोडतील, असाही मला संशय आहेच. फोडू देत.

संशय घेण्याचाच मला पगार होता, तुला माहीत आहे. मिलच्या टाइम ऑफिसात एकवीस वर्षं हजेरी घेतली. कोण दुसऱ्याचा बिल्ला टाकतो, कोण मागच्या गेटातून सटकतो, हे हुडकून काढायचं. मिल गेली, सवय राहिली. दूधवाला दोन मिनिटं उशिरा आला तरी मी घड्याळ बघतो. सुलोचना म्हणते, तुम्ही देवाच्यासुद्धा दोनदा सह्या घ्याल.

तो कॉम्प्युटर घरात आला तेव्हाही मनात पाल चुकचुकलीच. माझी पुतणी अनुश्री भंवरकुआंला कॉम्प्युटरचा क्लास घेते, तिच्याकडचा जुना. त्यात विंडोज नाही, लिनक्स. का, तर म्हणे फुकट मिळतं. अरे, फुकट कोण देतं? एक्याण्णव साली नवं धोरण आलं तेव्हापासून आपल्याला फुकट काय मिळालंय, मिलच्या गेटावरचं कुलूप सोडून? पण मिलवरच्या आपल्या दाव्यासाठी कोर्टाला यादी हवी होती. कुलूप लागलं त्या दिवशी कामावर कोण कोण हजर होतं त्याची. हजेरीचं मस्टर तर केव्हाच गायब झालेलं. तू खात्याखात्यातल्या माणसांना विचारत सायकलवर वणवण फिरलास. दुपारी माझ्याकडे बसून एका बोटाने नावं टाइप करायचास, संध्याकाळी मी तपासायचो. त्या दिवशी जो गैरहजर, तो दाव्यातून बाहेर, असं वकिलांनी आपल्याला दहादा बजावलेलं. म्हणून एकेक नाव जिवाचं.

आठवडाभरापूर्वीच्या सोमवारी तू शेवटची, ऑफिसातली नावं टाकलीस आणि गेलास. मी बसलो तर माउसचं उजवं बटण दाबलं गेलं, फाइल कशात उघडायची ते विचारणारी चौकट आली. मी आपला ज्यात पत्रं लिहितो तो प्रोग्राम निवडला. पडद्यावर नुसते किडे-मकोडे! चुकलं म्हणून बंद केली, रोजच्यासारखं दोनदा टिचकवलं. पुन्हा तेच. कॉपी ठेवली होती ती उघडली. तीही तशीच! तळपायाची आग मस्तकात गेली. एक फाइल बिघडली असती तर चूक म्हटलं असतं, दोन्ही कशा बिघडतील? शेवटी हात लावलेला माणूस तू. शिवाय पोलोग्राउंडला तू ज्या कारखान्यात वॉचमन आहेस त्याचा मालक आपल्या मिलच्या मॅनेजरचा साडू. झालं, मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी बैठकीत तुला काय काय बोललो! तू चपला घालून निघून गेलास. उठून गेला म्हणजे नक्कीच केलंय, असं वर मीच सगळ्यांना सांगितलं.

परवा रविवारी अनुश्री आली. मी तिच्यावरही नजर ठेवून मागे उभा. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, काका, फाइल तो एकदम सही है, उघडणाराच बदललाय. त्या चौकटीत खाली एक रिकामा चौकोन असतो. या जातीच्या सगळ्या फाइली इथून पुढे याच प्रोग्रामात उघडायच्या का, असं विचारतो. त्यावर टिक कोणी केली?

मी केली, रामभाऊ. वाचलंसुद्धा नाही. मस्टरमधला चौकोन रिकामा राहिला तर माणसाचा रोज बुडतो, हे पहिल्या दिवशी शिकवलेलं हाताला अजून ठाऊक. रिकामा चौकोन दिसला, हात गेला. आपल्याकडे लूमवर एका पाळीपुरता बदलीवाला उभा करायचो ना, तसा तो प्रोग्राम एकदाच वापरायचा होता. मी त्याला कायम करून टाकलं. कॉपी त्याच जातीची, म्हणून तीही त्याच्याच हाती गेली. अनुश्रीने प्रॉपर्टीजमध्ये जाऊन जुन्या प्रोग्रामाला पुन्हा वर चढवलं, आणि यादी जशीच्या तशी उघडली. कपाळ माझं!

तरी मेला संशय जाईना. ती गेल्यावर मी तुझं शेवटचं पान ओळ न ओळ तपासलं. बावीस नावं बरोबर. तेविसावं चूक. शंकरराव, टाइम ऑफिस, हजर.

मी हजर नव्हतो हे तुला पक्कं माहीत आहे. दुपारी बाराला सगळ्यांना बाहेर काढून कुलूप लावलं, तेव्हा तू तसाच धावत माझ्याकडे आलास. मी अंथरुणात. ताप आहे म्हणालो. तू कपाळाला हात लावलास आणि म्हणालास, पड, मी बघतो काय ते. बिचारा आजारी होता, त्याचा हक्क का बुडवा, म्हणून आता तू माझ्यासाठी खोटं लिहिलंस. जन्मात एकदा.

ते मी खोडलंय. माझ्या नावापुढे गैरहजर लिहिलं, आणि गुरुवारी बैठकीत तुझी माफी मागून मी त्या दिवशी का आलो नव्हतो ते सांगणार आहे. कुलूप लागायच्या आदल्या संध्याकाळी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं होतं. उद्या येऊ नका, कुलूप लागणार आहे, बाहेर बोलाल तर याद राखा, म्हणाला. मी घाबरलो. तू गेटाबाहेर सायकल घेऊन थांबला होतास, तुझ्यामागे बसून घरी आलो, आणि सगळ्या वाटेत तुला सांगितलं नाही. ताप नव्हता, रामभाऊ. हे बाकीच्यांच्या आधी तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. खरं तर त्या सायकलवरच कळायला हवं होतं.

तुझाच,
शंकर