अकराचा टायमर

३ फेब्रु. ९७, आदिलाबाद
प्रकाशने (यापुढे प्र., पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही) माझा प्रोग्राम स्वतःचा म्हणून दाखवला. कॉम्प्युटर क्लासचे सर तेलुगूत "बागुंदी", छान, म्हणाले अन् शिकवायची जागा त्याला दिली. मी कॉलेज अर्धवट सोडलेला, म्हणून फ्लॉप्या पुसतो. वर वंदनाशी त्याचीच सुपारी फुटली. दोन वर्षं क्लासला येताना बेला गावच्या बसमध्ये तिची जागा मी धरली.
सोडणार नाही त्याला.

५ फेब्रु.
बारा तारखेला अकराला हैद्राबादचे साहेब मुआयन्याला, क्लास तपासायला. प्र. लिनक्सच्या मशीनवर माझाच प्रोग्राम दाखवणार.
साधा प्रोग्राम चुकला तर कर्नल, मशीनचा कारभारी, त्याला एकट्याला मारतो, बाकी चालू. पण माझा कोड कर्नलच्या आतच बसवला तर? आत आवरणारा कोणी नाही. चुकलं की अख्खं मशीन थंड.
प्र.ने माझे टिपणाचे कागद पाहिले. "कर्नलमधी काय तुह्या बापाचं वावर आहे का बे, विल्या?"
हस.

७ फेब्रु.
कर्नलच्या आत नेहमीची फंक्शनं नाहीत. अपूर्णांक वर्ज्य. स्टॅक, म्हणजे कामापुरती जागा, बोटभर. पण कोणत्याही मेमरीत हात घाल, विचारत नाही कोणी. हे आवडलं.

९, रवि.
टायमर जमला. ठरल्या वेळी कर्नल माझं फंक्शन बोलावतो. ते संपेपर्यंत सगळे खोळंबतात. मी न संपणारं लिहिलं. तीनदा मशीन आडवं, तीनदा बटण दाबून उठवलं.
साहेबासमोरचं प्र.चं थोबाड आत्ताच दिसून राह्यलं.

१२, बुध.
आठला क्लास उघडून मॉड्यूल, कर्नलच्या आत बसणारा माझा कोड, चढवलं. टायमर अकराचा.
नऊला वंदना, नवी साडी.
"तू काऊन आज?"
"साहेबासमोर मीच बसणार न. प्रकाशले घाम सुटला, मले म्हणे तू बस. नीट झालं तं सर नोकरी देतो म्हणते." मग हळूच, "मशीन ठीक आहे न रे, विलास? तू पाह्यलं म्हणजे मले भेव नाही."
"पाहतो," म्हणालो. मॉड्यूल काढलं. तिचं काम उघडून दिलं. बेल्याची बस धरली.

तोच दिवस, बेला स्टँड
उतरताना आठवलं. मॉड्यूल काढलं, टायमर नाही. तो वेगळा काढावा लागतो. अकराला कर्नल माझं फंक्शन बोलावणार अन् त्या जागी काहीच नसणार. मशीन पडणारच, तिच्या बोटाखाली.
१०.४०. फोनच्या बूथवर पुढे दोघं.
मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की टायमर गेला. पाच मिनिटांचं काम. पण क्लासचा फोन प्र.च्या टेबलावर. मी काय केलं ते त्यालाच सांगायचं. अन् तिला वाचवणार तो. आयुष्यभर सांगेल तिला.
१०.४९. पुढचा माणूस उठला.
बूथवाला विचारतो, "नंबर?"