झाडेंच्या वावरातली पऱ्हाटी

३ डिसेंबर
आज पुन्हा थांबले. शिलाई मशीन खिडकीशी आहे, मले सगळं दिसते. स्टँडवरून घरी येताना चढणीवर झाडेंच्या वावरापाशी हे उभेच राह्यले. कापूस पाहत. वावर आपलं नाई, पऱ्हाटी आपली नाई. सारा जन्म एसटीच्या स्टेरिंगवर गेला, आन् आता कापसाचा लळा लागला म्हणे!
विचारलं. "बोंडं पाहून राह्यलो वं. औंदा मस्त फुटलं."
मंग हात छातीवर काऊन होता?

७ डिसें., रवि.
विहारात वंदनेले गेलो. पायऱ्या मधातच सोडून हे खाली बसले. चपलेत खडा गेला म्हणे. मी चप्पल झटकून पाह्यली, खडा नाई न् काही नाई. "पडला असन," म्हणाले.
दुपारी शर्ट धुवाले घेतला तं खिशात ॲसिडिटीच्या गोळ्यांचं पाकीट, अर्धं रिकामं. मिरचीचा ठेचा मिटक्या मारत खाणाऱ्या माणसाले ॲसिडिटी! दाल में कुछ काला हाय.

१६ डिसें.
प्रज्ञाले नागपूरले फोन केला. पोरगी बँकेत आहे, बापाचा जीव की प्राण. "आई, आधी दवाखान्यात ने," म्हणाली. ह्यांले सांगितलं तं भडकले.
"मी ठणठणीत हाओ! डाक्टर लोकाइले गिऱ्हाईक पायजे फक्त!"
मंग जेवताना हळूच, ताटाकडं पाहत: "नस बंद निघाली तं स्टेरिंग सुटते. टेबलावर बसवतीन मले. रिटायर व्हाले आलो, आन् आखरीले कारकुनी करू?"
तं ही गोम आहे! चीड आली, न् रडूही आलं. ह्यांच्या मागं गाडीभर लेकरंबाळं बसतात. त्यांचं काय?

९ जानेवारी
वर्ध्याले हृदयाच्या डॉक्टरकडं. ईसीजी चांगला निघाला. हे माझ्याकडं पाहून असे हसले, जसा काही मीच खटला हरली. डॉ. नाई हसले. म्हणाले, "चढताना दाबल्यासारखं होतं, थांबलं की जातं. आराम करताना काढलेल्या ईसीजीत ते दिसेलच असं नाही."
सीटी सांगितला, हृदयाच्या नसांचा. मांडीतून तार घालायची नाही, हातात सुई, त्यातून रंगाचं औषध, मशीनमधे झोपायचं, फोटो निघतात. पण ठोके हळू पाहिजेत, धावत्या हृदयाचा फोटो हलतो. म्हणून आदल्या दिवसापासून चहा बंद, आन् सकाळी ठोके हळू करायची गोळी.
"तार नाई तं मंग खरं कसं समजते?" हे.
मलेही वाटलं, हा डॉ. एवढा गोड काऊन बोलून राह्यला? सेंटरवाल्याशी साटंलोटं तं नसन? पण चढण काही खोटं बोलत नाई.

२ फेब्रु.
तपासणी. वानखडे भाऊंची एसटी होती, ह्यांचे डेपोतले जोडीदार. हे समोर केबिनशी बसले, मी मागं पिशवी घेऊन. हिंगणघाटच्या स्टँडवर दोघंही उतरले. तिथल्या हॉटेलवाल्याची रीत आहे, गाडी लागली की ड्रायव्हरच्या हातात गिलास, पैसे नाई. मी खिडकीतून ओरडली, "अवो, चहा नका घेऊ!" ह्यांनी हात हलवला, पॅसेंजरले हलवतात तसा.
आले तं तोंडाले अद्रकाचा वास.
"घोटभरच. हातात गिलास देल्ला तं फेकू काय? माणसाचा अपमान होते."
सेंटरवर ठोके नुसते धावत. तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, चहा घेतला का?"
"नाई."
"घेतला!" मी.
आन् सकाळची गोळी? शर्टाच्या खिशात, जशीच्या तशी!
"गोळी खाऊन ड्रायव्हर गाडीत चढत नाई."
"आज गाडी तुम्ही चालवून राह्यले होते काय?"
मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मले मात्र जमिनीत गडप व्हावं वाटलं. दुसरी गोळी दिली, लय वेळ बसवलं, मंग आत नेलं. बाहेर आले ते पँट चाचपत. "औषध गेलं न् आंग असं गरम झालं, वाटलं पँटच वली झाली!" तेवढं मात्र दोघंही हसलो.

६ फेब्रु.
रिपोर्ट. डावीकडच्या नसांत थोडा चरबीचा थर, गोळ्यांवर भागेल. उजवीकडची नस हललेली. लेकरू हललं की फोटोत तोंड पुसट येते, तशी. डॉ. म्हणाले, "हिच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. पुन्हा करू, नीट. तोवर गाडी चालवायची नाही."
बाहेर आल्यावर हे खुश. "पाह्य, काही निघालं नाई!"
"'निघालं नाई' असं नाई. दिसलं नाई."
आता एकच डोक्यात घुमते. डॉ.चा शब्द न् शब्द ह्यांनी ऐकला होता. ठोके धावले तं फोटो हलते, हे माहीत होतं. मंग तो चहा सवयीचा, की मुद्दाम? एवढा संसार झाला, तरी ह्या माणसाचा थांग नाई. भोळाही तोच न् बिलंदरही तोच.

१८ फेब्रु.
"तपासणीसाठी घेतलेली रजा सरली. सोमवारपासून ड्यूटी." विचारलं नाई, सांगितलं.
मी म्हटलं, डेपोत येऊन सायबाले सांगीन.
"तू बायको हायस का चेकिंगवाली?"
"दोन्ही!"
ताट तसंच ठेवून उठले. डेपोत जाईन काय मी खरंच? ह्यांची मान खाली घालाले? नाई गेली न् काही झालं तं? मले लय भेव वाटते. प्रज्ञाले सांगितलं नाई, ती उद्याच येईन धावत.

२१ फेब्रु., शनि.
झाडेंनी पऱ्हाटी उपटली, ट्रॅक्टरही फिरवला. वावर मोकळं.
संध्याकाळी हे भाजी घेऊन चढण चढत होते. मी ब्लाउजची बाही जोडत होती. तिथंच थांबले. त्याच जागी. उघड्या वावराकडं तोंड करून.
मी मशीन सोडून तशीच अनवाणी गेली.
"आता काय पाहून राह्यले?"
वावराकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. कपाळावर घाम. मंग पिशवी माझ्या हातात देल्ली. पिशवी कधी देत नाईत मले.
"हळू चाल जराशी."
चालली हळू.
घरी आल्यावर सवयीनं दोघांचा चहा मांडला. म्हणाले, "माझा नको मांडू."
पुन्हा तपासणी कराले तयार झाले म्हणून, की माझ्यावर रुसून? विचारलं नाई. सोमवारच्या ड्यूटीची खाकी ह्यांनी इस्त्री करून खुंटीले लावली आहे, ती अजून तिथंच आहे.