मी वाढवलं असतं गं

रविवार, भिसेगाव

आज संतोषला माझी परग्रहाची गोष्ट वाचून दाखवली. त्या ग्रहावर नर-मादी जन्माने ठरत नाहीत. जोडीतलं जे धडधाकट असेल ते त्या वर्षी मादी होतं, पिल्लू पोटात वाढवतं. वाटलं, नवरा हसणार. तो वालाच्या शेंगा सोलत ऐकत होता. मग म्हणाला, "आपल्यात असं असतं, तर दुसऱ्या टायमाला मी वाढवलं असतं गं."

दोन्ही वेळा माझं मूल पोटातच गेलं, तेव्हा हा काहीच बोलला नव्हता. आणि आज हे? मी वाढवलं असतं, म्हणे. मला पुढचं पान वाचवेना.

तो शेंगांकडेच बघत म्हणाला, "त्यांचं पिल्लू जगव हां."

"जगवते," म्हटलं.