आक्कापेक्षा मऊ हात

४ मार्च
आले एकदाची कोल्हापुरात! स्टँडवर रिक्षावाल्याने "कुठं सोडू, पावणं?" असं विचारलं, तेव्हा त्याला ठणकावून सांगितलं, मी पाहुणी नाही, निवृत्त झाले आहे आणि मुलाकडे राहायला आले आहे. अभिरामचा फ्लॅट टाकाळ्यावर, तिसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाचा. दार सुनेनेच उघडलं. संयोगिताची नजर कॉलेजात असतानाच गेली. बँकेतली नोकरी आणि हे घर ती नजरेशिवाय चालवते. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "या आई, जिना चढून दम लागला ना?"

येणाऱ्या बाळाची तयारी पाहून थक्क झाले. औषधाच्या ड्रॉपरला मात्रेपाशी ब्लेडने खाच पाडली आहे. झबल्यांना आतून वेगवेगळ्या आकाराची बटणं लावली आहेत, हाताला रंग कळावा म्हणून. हुपरीहून घुंगरांचे वाळे आणलेत. मूल रांगायला लागलं की कुठे आहे ते ऐकू येईल. अभ्र्यात तांदूळ भरून बाळाच्या वजनाचं गाठोडं केलं आहे आणि ते हातावर तोलून ती रोज अंघोळ घालायचा सराव करते. जिन्यात शेजारीण कुजबुजली, हिला मूल कसं सांभाळता येणार? मी विचारलं, तुम्ही एवढ्या डोळस, तुमच्या चिरंजीवांनी काय दिवे लावलेत?

खंत एकच. मला करायला काही शिल्लकच नाही.

७ मार्च
विहीणबाई आल्या मुरगूडहून. नाव झुंबरबाई, संयोगिता त्यांना आक्का म्हणते. बरोबर तूप, डिंकाचे लाडू आणि खालच्या मजल्यापासून ऐकू येणारा आवाज. आल्या आल्या लेकीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळायला बसल्या. "पोरीला निस्तं इंग्रजी चोळून भागंल व्हय, विहीणबाई?" असं मला विचारून स्वतःच खदाखदा हसल्या. संयोगिताही हसली. वर म्हणाली, आक्काच्या हाताची सर कुणाला नाही.

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला भरतकाम शिकवलं, काट्याचमच्याने जेवायला शिकवलं. पाय चोळायला कुणी शिकवलं नाही.

९ मार्च
झुंबरबाईंची गोड शब्दांत बोळवण केली. म्हटलं, जागा लहान, तिकडे तुमच्या म्हशींचे हाल, इथे मी समर्थ आहे. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हाईसा की समर्थ," म्हणाल्या आणि चपला घातल्या. संयोगिता दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

१२ मार्च
दुपारी माझा डोळा लागला होता. उठून तिचा चहा घेऊन गेले, तर बाईसाहेब प्रसन्न. म्हणाली, काय सुरेख चोळलेत पाय, आई! आक्कापेक्षा मऊ हात आहेत तुमचे.

मी तर माझ्या खोलीत घोरत होते. तिला स्वप्न पडलं असणार. सांगणारच होते. पण ते 'आक्कापेक्षा' कानात असं काही मुरलं की मी म्हटलं, आवडलं ना? आता रोज चोळेन.

१५ मार्च
सगळ्या दुपट्यांच्या घड्या घातलेल्या आहेत, काठाला काठ लावून. मी घातलेल्या नाहीत. संयोगिता म्हणते, तुम्ही पाय चोळताना गुणगुणता ते गाणं फार छान आहे. मी न्हाणीघरातसुद्धा गात नाही! कामवाल्या शालूबाईला खडसावलं, तर ती भांडी घासताघासता म्हणाली, "माझंच पाय चोळायला कोण न्हाय बाई, तुमच्या सुनंचं कुठलं चोळू?"

मग कोण? विहीणबाई चोरून येतात की काय? उद्या दुपारी झोपायचं नाही. पहारा द्यायचा.

कौतुक मात्र सगळं मीच घेतलं.

१६ मार्च
तिच्या दाराजवळच्या खुर्चीत गुपचूप बसून राहिले. पलंगावर लख्ख ऊन. संयोगिताने पाय लांब केले. तिच्या पोटरीचं मांस दबलं. चार बोटं आणि एक अंगठा. दबत दबत घोट्यापर्यंत. पलंगावर तिच्याशिवाय कुणीही नव्हतं. ती हसून म्हणाली, आई, जरा हळू.

मी ओरडले नाही. घाबरले होते, पण तेवढंच कारण नव्हतं. ओरडले असते तर ते हात माझे नाहीत हे तिला कळलं असतं. मग या घरात माझं काय उरतं?

१८ मार्च
सांगून टाकलं. तिला वाटलं, थट्टा. पटावं म्हणून मी तिचा पाय हातात धरला. तिने झटकन आखडून घेतला. हे हात आईंचे नाहीत, म्हणाली. अगं मीच — एवढं बोलले, आणि स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. माझाच. ठसक्यात, शालूबाईला झापणारा. संयोगिताने तिकडे तोंड करून हाक मारली, आई, लवकर या, खोलीत कुणीतरी शिरलंय!

१९ मार्च
अभिमान गिळून झुंबरबाईंना फोन केला. आत्ताच्या आत्ता या म्हटलं. त्या भडकल्या. "मगाशीच तुम्ही फोन करून सांगिटलं, यायचं न्हाय म्हणून. आन् आता या? मी काय एसटी हाय व्हय तुमची?" ठेवला.

अभिराम कागलच्या एमआयडीसीतून घरी आला. दारातूनच आई म्हणून हाक मारली. मी पुढे झाले. तो माझ्या शेजारून आत गेला आणि स्वयंपाकघरात कुणाशी तरी हसून बोलत राहिला. त्याचे डोळे तर शाबूत आहेत.

२० मार्च
मी बसले होते त्या खुर्चीवर शालूबाईने वाळलेली दुपटी टाकली. माझ्या मांडीवर. मला वजन लागलं नाही.

२१ मार्च
कळा सुरू झाल्या. तिघं निघाले. अभिराम पुढे, पिशवी घेऊन. संयोगिता मागे — जिचा कोपर धरून ती जिना उतरत होती तिच्या अंगावर माझी निळी साडी. मी जिन्यात आडवी उभी राहिले. ते थांबले नाहीत — माझ्यातून —

२३ मार्च
मुलगी झाली. अभिराम शेजारणीला सांगत होता. आधी आजीच्या हातात दिली, म्हणे. आजी सोडायलाच तयार नाही.

२५ मार्च
सगळे घरी आले. ती, माझ्या निळ्या साडीतली, गुणगुणते आहे. बाळ रडत होतं — एकदम थांबलं. संयोगिता म्हणते, आई, द्या ना तिला माझ्याकडे. पुन्हा म्हणते. निळ्या साडीतली बाळाला घेऊन खिडकीकडे सरकते. संयोगिता हात पुढे करून उभी आहे. अभिराम औषधं आणायला खाली —

ओरडले. खिडकीशी, संयोगिता, तुझ्या डाव्या हाताला, घे तिला, घे! तिने मान वळवली. ऐकू आलं तिला! कोण, म्हणाली. मी म्हटलं, मी — आणि खिडकीपाशी माझाच आवाज, मऊ, कुणी नाही गं, मी आहे ना —

संयोगिता थबकली. मग माझ्या बोलण्यावर, डावीकडे, एक पाऊल. अजून एक. ये, पोरी, ये — निळ्या साडीतलीने खिडकीची कडी काढली, ती आता बाळाला खिडकीबाहेर —